टोइंगचं टेंडर बाहेरच्या कंपनीकडे चाललंय. स्थानिक व्हॅनमालकांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या शहरात वाहतूक शाखेसाठी गाड्या उचलायचं काम तुम्ही सहा-सात स्थानिक व्हॅनमालक बरीच वर्षं करताय. आता आयुक्तालयानं अख्ख्या शहराचं मिळून एकच टेंडर काढलंय, तीन वर्षांचं. वार्षिक उलाढाल तीन कोटी, पोलिसांकडेच तशाच कामाचा अनुभव आणि दहा हायड्रॉलिक व्हॅन स्वतःच्या नावावर, अशा अटी आहेत. तुमच्यापैकी एकही जण त्यात बसत नाही. बाहेरगावची एक कंपनी भरणार हे दिसतंय आणि तिच्या माणसानं निरोपही धाडलाय की ‘गाड्या आमच्याकडे लावा, दुचाकीमागे शंभर रुपये देऊ’. तुम्ही विचारताय की कोर्टात जावं, सगळ्यांनी मिळून टेंडर भरावं, की शंभर रुपये घेऊन गप्प बसावं?

मी स्वतः टोइंग व्हॅन चालवल्यात, पोलिसांच्या कॉलवर अपघाताच्या क्रेनही पाठवल्यात. हल्ली लहान कंत्राटदारांची टेंडरं भरून देणं हाच माझा मुख्य धंदा आहे. त्या अनुभवावरून सांगतो. तिन्ही पर्यायांच्या आधी एक चौथी गोष्ट येते आणि तिची मुदत सगळ्यात आधी संपते. ती म्हणजे प्री-बिड मीटिंग, टेंडर भरायच्या आधी खातं इच्छुकांचे प्रश्न ऐकतं ती बैठक. टेंडर कोणाला मिळणार हे लिफाफा उघडतो त्या दिवशी ठरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते अटी छापल्या जातात तेव्हाच नव्वद टक्के ठरलेलं असतं, आणि त्या अटी बदलून घ्यायची एकमेव सोपी संधी म्हणजे प्री-बिड. तिची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या टेंडरांच्या वेबसाइटवर, टेंडर उघडून सगळ्यात आधी ती बघा. ती गेली असेल तर खालचं अर्धं उत्तर तुम्हाला उशिराचं ठरेल. तरी वाचा, कारण अशी टेंडरं पुष्कळदा मुदतवाढ घेतात किंवा रद्द होऊन पुन्हा निघतात.

आणखी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुम्हाला आजवर लेखी आदेश होता का, की साहेबांनी तोंडी सांगितलं आणि गाडी लागली? तुमच्या धंद्यातला किती हिस्सा पोलिसांचा आणि किती खाजगी? तुम्हा सहा-सात जणांत एकमेकांवर विश्वास किती? हे तुमचं तुम्हालाच माहीत. मी सर्वसाधारण सांगू शकतो.

आधी कायदा, थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 127 म्हणतं की नो-पार्किंगमध्ये लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेली गाडी हलवायला हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो आणि टोइंगचा सगळा खर्च गाडीमालकावर, दंड वेगळा. 2019 च्या दुरुस्तीत कलम 201 मध्येही बदल झाला. रहदारीला अडथळा करणारी गाडी हलवणारी ‘सरकारी एजन्सी’ होती, तिच्या जागी ‘केंद्र किंवा राज्य सरकारनं प्राधिकृत केलेली एजन्सी’ आली. म्हणजे खाजगी माणसानं हे काम करण्यात गैर काही नाही, फक्त तो प्राधिकृत हवा. तोंडी कामावर चालणाऱ्या व्हॅनमालकाची पहिली लंगडी बाजू इथेच आहे. उद्या कुणी विचारलं की तुम्हाला प्राधिकृत कोणी केलं, तर दाखवायला कागद नाही.

आता खात्याच्या बाजूनंही बघू, कारण प्री-बिडला तुम्ही ज्यांच्यासमोर बसणार त्यांच्या डोक्यात काय आहे हे ओळखूनच बोलावं लागतं. नोव्हेंबर 2017 मध्ये मुंबईत मालाडला आई बाळाला दूध पाजत आत बसलेली असताना गाडी टो केल्याचा व्हिडिओ फिरला आणि एका पोलिसाचं निलंबन झालं. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी माणसासकट उचलली गेली, त्याचाही व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मार्च 2022 मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी टोइंगच प्रायोगिक तत्त्वावर बंद करून टाकलं. असं काही झालं की वरिष्ठ अधिकाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: जाब विचारायला एक माणूस. सहा मालक, सहा प्रकारच्या व्हॅन, पोरांकडे ओळखपत्र नाही, कॅमेरा नाही, पावती कुठल्या वहीत फाडली ते कळत नाही. मग कोणीतरी सुचवतं की एकच मोठी एजन्सी नेमू, हायड्रॉलिक गाड्या, सीसीटीव्ही, ई-चलान मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर. मुंबईत 2017 च्या आसपास असंच झालं. काम नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं आणि त्यावरून राजकीय आरोपही झाले. मालाडचा प्रकारही त्याच वर्षातला, हे विसरू नका. मशीन नवीन आल्यानं व्हॅनवरच्या माणसाचं वागणं आपोआप सुधारत नाही.

हायड्रॉलिकचा आग्रह मात्र मी चुकीचा म्हणणार नाही. जुन्या टेम्पोत चार पोरं हँडल लॉक असलेली गाडी हातानं उचलून फळीवर चढवतात, शेजारच्या गाडीला खेटवून उभी करतात, वरून दोर आवळतात. सायलेन्सर दुसऱ्याच्या साइड पॅनेलवर घासतो, आरसा फिरतो, इंडिकेटर तुटतो. मालक गोदामावर येऊन भांडतो आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर असतं. पट्ट्यावर उचलून सरळ ठेवणाऱ्या गाडीत हे खूप कमी होतं. म्हणून ‘हायड्रॉलिकची अट काढा’ असं म्हणत प्री-बिडला जाऊ नका, पहिल्या पाच मिनिटांत तुमचं वजन संपेल. त्या अटीची वेळ बदलून मागा. टेंडर भरतानाच दहा गाड्या मालकीच्या हव्यात, याऐवजी कार्यारंभ आदेशापासून साठ किंवा नव्वद दिवसांत गाड्या हजर कराव्यात, आणि मालकीच्या किंवा नोंदणीकृत भाडेकरारावरच्या चालाव्यात. काम मिळेल की नाही हे माहीत नसताना दहा गाड्या बांधून ठेवायला कोणती बँक लहान माणसाला कर्ज देईल? अशी अट दुसऱ्या शहरात काम चालू असलेल्यालाच सोयीची असते.

उलाढालीच्या अटीवर तुमच्या हातात चांगलं हत्यार आहे. केंद्रीय दक्षता आयोगानं 17 डिसेंबर 2002 ला काढलेल्या परिपत्रकात पूर्वपात्रतेचं एक माप दिलंय: गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या निदान 30 टक्के, आणि सारख्या कामाचा अनुभव म्हणजे 40 टक्क्यांची तीन कामं, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक. हे राज्य पोलिसांना थेट बांधत नाही आणि ते मुख्यतः बांधकामांच्या टेंडरांसाठी होतं, पण हिशेबाचं माप म्हणून कोणीही अधिकारी ते समजून घेतो. तुमच्या टेंडरची अंदाजित रक्कम बघा. ती तीन वर्षांची मिळून साडेतीन-चार कोटी असेल तर 30 टक्के म्हणजे सव्वा कोटीच्या आत. मग तीन कोटींची अट कुठल्या आधारावर आली, हा प्रश्न लेखी विचारा. मोठ्या रकमांच्या अटी कित्येकदा दुसऱ्या शहराच्या टेंडरमधून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. मी एका टेंडरमध्ये दुसऱ्याच शहराच्या चौकांची नावं छापलेली पाहिलीत.

सगळ्यात महत्त्वाची मागणी शेवटी ठेवू नका, पहिलीच मांडा: शहराचे झोन करा. वाहतूक विभागनिहाय तीन-चार स्वतंत्र भाग आणि एका बोलीदाराला जास्तीत जास्त दोन. ही एकच गोष्ट मान्य झाली तर उलाढाल, अनामत, गाड्यांची संख्या, सगळं आपोआप खाली येतं आणि तुम्ही शर्यतीत येता. खात्याला पटेल असं कारणही आहे: एकाच एजन्सीनं काम सोडलं किंवा तिचं काम निलंबित झालं तर दुसऱ्या दिवशी शहरात एकही व्हॅन नसते. झोन असले की शेजारचा चालवून घेतो.

प्री-बिडला तोंडी बोलून उपयोग नाही. प्रश्न लेखी द्या, ईमेलनं द्या आणि पोचपावती ठेवा. प्रत्येक प्रश्न तीन ओळींत बसवा: अट काय, बदल काय, कारण काय. उदाहरणार्थ: ‘अट 4.2, पोलीस विभागाकडे टोइंगचा तीन वर्षांचा अनुभव. विनंती: कोणत्याही शासकीय, निमशासकीय संस्थेकडे किंवा विमा व रस्ता-साहाय्य कंपन्यांकडे वाहन उचलण्याचा अनुभव ग्राह्य धरावा. कारण: कामाचं स्वरूप एकच असून स्पर्धक वाढल्यानं विभागाला दर कमी मिळेल.’ ‘आम्ही स्थानिक आहोत, आमच्या पोटावर पाय देऊ नका’ हे वाक्य त्यात नको. मला ते कळतं, समोरच्या साहेबालाही कळतं, पण त्याला फाइलवर लिहायला कारण लागतं आणि पोट हे फाइलवरचं कारण होत नाही.

आणि एक मागणी अजिबात करू नका: ‘फक्त याच शहरातल्या लोकांना भाग घेऊ द्या’. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगढमधलं शाळांच्या क्रीडा साहित्याचं टेंडर रद्द केलं, कारण त्यात त्याच राज्यातल्या सरकारी संस्थांना पूर्वी पुरवठा केल्याची अट होती. सगळ्यांना सारखं मैदान मिळालं पाहिजे, हे न्यायालयाचं म्हणणं. हा निकाल दोन्हीकडून कापतो. बाहेरच्याला रोखणारी अट टिकणार नाही, आणि तुम्हाला कारणाशिवाय बाहेर ठेवणारी अट असेल तर तुम्हीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकता.

मग कोर्ट. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण खर्च आणि अपेक्षा दोन्ही डोळे उघडे ठेवून धरा. सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर प्रकरणातल्या 1994 च्या निकालापासून न्यायालयांची भूमिका बरीच स्थिर आहे: निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे ते तपासत नाहीत, तो घेण्याची पद्धत मनमानी, पक्षपाती किंवा गैरहेतूची होती का हे तपासतात. ‘अट कडक आहे’ एवढ्यावर सहसा काही मिळत नाही. ‘अंदाजित रक्कम इतकी, उलाढाल तिच्या इतक्या पट, आम्ही अमुक तारखेला लेखी विचारलं, उत्तर आलंच नाही’ यावर निदान ऐकून घेतलं जातं. त्यामुळे कोर्टात जायचं असो वा नसो, प्री-बिडचे लेखी प्रश्न हेच तुमचं पहिलं कागदपत्र. टेंडर उघडल्यावर, कंपनीला काम दिल्यावर जाग येऊन गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की इतके दिवस कुठे होतात.

मिळून भरण्याचं बघू. इथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. सहा जणांनी उघडपणे एक भागीदारी फर्म किंवा संयुक्त उपक्रम करून एकच बोली लावली, तर ते कायदेशीर आहे. सहा जणांनी वेगवेगळी टेंडरं भरली आणि आतून ठरवलं की दर कोणाचा किती, कमी कोण टाकणार आणि बाकीचे नावापुरते कोण, तर ती रिंग. स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये ती सरळ बसते. दंड उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. ‘आपल्या धंद्यात सगळे असंच करतात’ असं कोणी चहाच्या टपरीवर सांगितलं तर चहा प्या आणि घरी या.

नव्या फर्मची अडचण अशी की तिच्या नावावर ना उलाढाल, ना अनुभव. यावर न्यू होरायझन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, तेही 1994 मध्येच, सांगितलंय की संयुक्त उपक्रमाचा अनुभव मोजताना त्यातल्या घटकांचा अनुभव विचारात घ्यायला हवा. पण टेंडरमध्ये ‘संयुक्त उपक्रमाला परवानगी नाही’ असं स्पष्ट छापलेलं असेल तर आधी ती ओळच प्री-बिडला बदलून घ्यावी लागेल. तुमच्या सहा जणांच्या उलाढालीची बेरीज करून बघा. रोखीत धंदा केलेला आणि विवरणपत्रात निम्माच दाखवलेला असेल, तर ती बेरीज इथे उपयोगाची नाही. हे बोलायला कडू आहे, पण स्थानिक माणूस टेंडरमधून बाहेर पडतो त्यातल्या निम्म्या वेळा कारण हेच असतं. अनुभवाचं तसंच. तोंडी कामाचा दाखला वाहतूक शाखेकडे आत्ताच मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात आजवर तुमच्या व्हॅननं उचललेल्या गाड्यांच्या नोंदी मागा. ड्यूटी रजिस्टरला व्हॅनचा नंबर बहुधा लिहिलेला असतो.

जाता जाता: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर अनामत माफ होते, असं सगळे सांगतात. केंद्राचं 2012 चं सूक्ष्म-लघु उद्योगांचं खरेदी धोरण केंद्रीय खात्यांना आणि केंद्रीय कंपन्यांना बांधतं. राज्याच्या पोलिसांच्या टेंडरमध्ये सवलत लिहिली असेल तरच धरा. शेवटच्या दिवशी रात्री अकराला ऑनलाइन अपलोड करताना हे कळलेली माणसं मी पाहिलीत.

आता त्या शंभर रुपयांकडे येऊ, कारण मला वाटतं तुमच्यापैकी निम्मे लोक शेवटी तिथेच जाणार. सब-कॉन्ट्रॅक्ट वाईट असतं असं मी म्हणत नाही. हिशेब न करता घेतलेलं वाईट असतं. एका व्हॅनचं महिन्याचं गणित समजा असं आहे: गाडीच्या कर्जाचा हप्ता 22,000, ड्रायव्हर 18,000, चार पोरं प्रत्येकी 14,000 प्रमाणे 56,000, विमा-टायर-दुरुस्ती 12,000. डिझेल दिवसाला 15 लिटर, नव्वदच्या भावानं 1,350, सव्वीस दिवसांचे 35,100. एकूण 1,43,100. म्हणजे दिवसाला साधारण 5,500 खर्च. शंभर रुपयांनी रोज 55 दुचाकी उचलल्या तर तुम्ही शून्यावर. तुमचा स्वतःचा पगार त्यात अजून आलेलाच नाही.

पण सव्वीस दिवस मिळतात कुठे? व्हॅनवर गणवेशातला पोलीस असल्याशिवाय तुम्ही एक गाडीही उचलू शकत नाही, कायदाच तसा आहे. गणपती, मोहरम, पालखी, निवडणूक, व्हीआयपी दौरा, आणि माणूस बंदोबस्ताला गेला की व्हॅन दिवसभर चौकीच्या बाहेर उभी. डिझेल वाचतं, पण हप्ता आणि पोरांचे पगार चालूच. बावीस दिवस धरले तर 55 च्या जागी रोज 63 लागतात. त्यात शंभर रुपये जीएसटी धरून आहेत की सोडून, हे त्या माणसानं सांगितलंय का? दोन व्हॅन असतील तर तुमची उलाढाल वीस लाखांच्या वर जातेच, म्हणजे नोंदणी आली. शंभरातून 18 टक्के जीएसटी काढला तर हातात 84 रुपये 75 पैसे. मग बावीस दिवसांच्या हिशेबानं रोज 74 गाड्या. तुमच्या शहरात एका व्हॅनला रोज 74 गाड्या नो-पार्किंगमध्ये खरंच मिळतात का? मिळत नसतील तर काय होतं ते आपण सगळे जाणतो. पोरं पांढऱ्या पट्टीच्या आतली गाडीही उचलतात, मालक धावत आला तरी थांबत नाहीत, आणि एक दिवस व्हिडिओ फिरतो. त्या दिवशी बाहेरची कंपनी म्हणते, ती व्हॅन सब-कॉन्ट्रॅक्टरची होती. गाडीमागे पैसे देण्याची पद्धत ही माझ्या मते या सगळ्या धंद्यातली मूळ खोड आहे. प्री-बिडला मी असतो तर व्हॅनमागे दिवसाचं ठरलेलं भाडं आणि वर नगण्य प्रोत्साहन अशी रचना मागितली असती. खात्याला ती पटवणं अवघड आहे, कारण ठरलेलं भाडं खात्याच्या खिशातून जातं आणि गाडीमागचे पैसे गाडीमालकाच्या.

म्हणून सब घेणार असाल तर दराच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा. रोजच्या किमान गाड्यांची हमी, म्हणजे पोलीस आला नाही तरी तेवढ्यांचे पैसे. डिझेल अमुक टक्क्यांहून जास्त वाढलं तर दरवाढ. आणि उचललेल्या गाडीचं नुकसान झालं तर कोण भरणार. दरवाढीचं कलम किती महत्त्वाचं असतं त्याचं एक उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे पोलिसांच्या सांगण्यावरून साधी गाडी उचलायचा दर सरकारी नियमात 2008 ला 150 पौंड ठरला आणि तो 2023 मध्ये 192 झाला. मधली पंधरा वर्षं तोच. वर तिथे पुष्कळ ठिकाणी पोलीस आणि क्रेनमालक यांच्यामध्ये व्यवस्थापन करणारी एजन्सी असते, तिचा हिस्सा त्याच रकमेतून जातो. मधला माणूस वाढला आणि दर गोठला की चिमटा शेवटच्या व्हॅनवाल्याला बसतो, तिथेही आणि इथेही.

अमेरिकेत अनेक शहरांत दुसरी रीत आहे: पात्र क्रेनमालकांची यादी, ठरलेला दर आणि पाळीपाळीनं बोलावणं. नियम मोडला की यादीतून नाव खाली. नो-पार्किंगच्या रोजच्या उचलण्याला ती तितकी जमत नाही, पण अपघाताच्या क्रेनसाठी उत्तम आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या प्रश्नात अपघाताच्या कामाचा उल्लेखच नाही. टेंडरच्या व्याप्तीत ‘अपघातग्रस्त वाहने’ हे शब्द आहेत का ते शोधा. असतील तर तुमचा हायड्राही (अपघाताची क्रेन) त्यात गेला समजा, आणि ते नुकसान दुचाकींपेक्षा मोठं. घाटात कलंडलेला ट्रक सरळ करण्याचं बिल मोठं होतं, आणि विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत हलवण्याच्या खर्चाची मर्यादा खाजगी कारला 1,500 रुपये, मालवाहू गाडीला 2,500. बाकीचं मालकाकडून वसूल करताना वाद होतात, तक्रारी पोलिसांकडे जातात. म्हणून अपघाताचं काम टेंडरमधून वेगळं काढून दरपत्रकासह यादीवर ठेवा, ही मागणी खात्यालाही सोयीची वाटू शकते. प्री-बिडच्या कागदात ती घाला.

सब-कॉन्ट्रॅक्टचे पैसे थकले तर सूक्ष्म-लघु उद्योग कायदा 2006 तुमच्या बाजूनं आहे. 45 दिवसांच्या वर रक्कम राहिली तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद सुलभीकरण परिषदेकडे. फक्त उद्यम नोंदणी करार करायच्या आधीची ठेवा, नंतरच्या नोंदणीवर वाद होतात. नोंदणी फुकट आहे, आजच करून टाका.

आरटीओचं एक बारीक. बिघडलेली गाडी ओढून नेणाऱ्या वाहनाला कलम 66 मध्ये परवान्यातून सूट आहे. नो-पार्किंगमधली गाडी धडधाकट असते. तुमची व्हॅन त्या सुटीत बसते असं गृहीत धरू नका, आरटीओकडून लेखी घ्या. मोठ्या कंपनीचा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या तांत्रिक लिफाफ्यात (पात्रतेच्या कागदपत्रांत) नेमकं हेच शोधतो.

राहिला त्या माणसाचा निरोप. त्याला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. ‘टेंडर उघडू दे, मग बसून बोलू’ एवढंच सांगा. तोवर कोऱ्या लेटरहेडवर सही, संमतीपत्र किंवा आरसीच्या झेरॉक्स यातलं काहीही देऊ नका. भाडेकराराच्या गाड्या चालतील असं शुद्धिपत्रक निघालं, तर तुमच्याच गाड्या त्याच्या ताफ्यात दाखवून तो पात्र होईल आणि तुम्ही तुमच्या फर्मच्या बोलीत त्या पुन्हा दाखवू शकणार नाही. त्याला तुमची खरी गरज लागते ती स्वीकृतीपत्र मिळाल्यापासून पहिली व्हॅन रस्त्यावर येईपर्यंतच्या काळात. गल्ल्या माहीत असलेले ड्रायव्हर आणि पोरं तुमच्याकडेच आहेत, आणि उशीर झाला तर दंड त्याला बसतो. दराची बोलणी तेव्हा करा.

प्री-बिडची तारीख, अंदाजित रक्कम आणि व्याप्तीचं पान एवढं इथे टाका, प्रश्नांचा मसुदा करायला मदत करीन.